नानांच्या अ‍ॅम्बेसेडरला पॉवर स्टेअरिंग: मोटर बसवली, पण जोर कुठून आला?

आमच्या नानांची अ‍ॅम्बेसेडर १९७८ची, मार्क थ्री. धुळ्याहून शिरपूरला हायवेने निघाली की स्टेअरिंग एकदम गुणी, पण तीच गाडी बाजारात भाजीच्या हातगाड्यांमधून उलटी काढायची म्हटली की नाना घामाघूम. खांदा धरायला लागला तेव्हा ठरवलं, पॉवर स्टेअरिंग बसवायचं.

पण आधी हे बघू की स्टेअरिंग जड लागतं ते फक्त उभ्या गाडीतच का. घरी फरशीवर एक पाय रोवून उभे राहा आणि त्याच पायावर जागच्या जागी वळा, चपलेचा करकर आवाज येईल, गुडघा कुरकुरेल. तेच चालता चालता वळलात तर पत्ताही लागत नाही, कारण प्रत्येक पाऊल नव्या जागी नव्या दिशेला पडतं. टायरचं अगदी तसंच आहे. गाडी हजार-अकराशे किलोची, त्यातलं निम्म्याच्या आसपास वजन पुढच्या दोन चाकांवर, आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो फक्त तळहाताएवढा. उभ्या गाडीत तेवढं रबर डांबरावर घासत, पिळवटत फिरवावं लागतं. चाक थोडंसं जरी गडगडलं तरी पिळलेलं रबर सुटत जातं आणि जोर एकदम कमी होतो. म्हणून जुने ड्रायव्हर गाडी हलल्याशिवाय स्टेअरिंगला हातच लावत नाहीत.

मग पूर्वी हा जोर माणूस कसा लावायचा? जात्याचा खुंटा मधे नसतो, कडेला असतो, का ते आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मधल्या खिळीपासून जितकं लांब धराल तितकं हलकं. जुन्या गाड्यांची स्टेअरिंगची चाकं मोठी असतात ती याचसाठी. दुसरी युक्ती गिअरची, म्हणजे स्टेअरिंग जास्त फिरवायचं आणि टायर थोडाच वळवायचा. पण यात फुकट काही मिळत नाही, जोर निम्मा केला तर फेरे दुप्पट होतात, आणि अरुंद गल्लीत इतके फेरे मारेपर्यंत मागे हॉर्न सुरू झालेले असतात.

यातून सुटायचं तर जोर बाहेरून आणावा लागतो. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्येच तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग गाडीत बसवून दाखवलं होतं, पण विक्रीच्या मोटारीत ते यायला १९५१ उजाडलं, क्रायसलरच्या इम्पीरियलमध्ये. अशा स्टेअरिंगमध्ये इंजिनच्या जोरावर पंप फिरतो आणि दाबाखालचं तेल चाकं वळवायला मदत करतं. विजेच्या मोटरवालं आलं १९८८ मध्ये, सुझुकीच्या सर्व्होत.

मला यातली सगळ्यात भारी वाटते ती टॉर्शन बार, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यात मधेच बसवलेली एक बारीक स्प्रिंगसारखी सळई. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, खाली टायर अडून बसलेला असतो, म्हणून ही सळई किंचित पिळली जाते. किती आणि कुठल्या बाजूला पिळली यावरून मशीनला कळतं की माणूस किती जोर लावतोय. तेलवाल्या सिस्टीममध्ये त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो, विजेवाल्यात सेन्सर तो मोजतो आणि मोटर त्याच बाजूला जोर लावते. हात सोडला की पीळ गेला, मदतही बंद. आणि मोटर मेली तरी दांडा टायरपर्यंत जोडलेलाच असतो, गाडी वळते, फक्त जड.

आम्ही विजेवालं घेतलं, नव्या छोट्या गाडीचा भंगारातला कॉलम (म्हणजे मोटरसकट स्टेअरिंगचा दांडा), कारण पंप, पाइप, तेलाचा डबा जुन्या इंजिनाला अडकवायचा म्हणजे ब्रॅकेटपासून सगळं बनवायचं. अ‍ॅम्बेसेडरला मुळातच रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक) असल्याने खालचं काही बदललं नाही. कॉलम बसला छान. पण पहिल्या इलेक्ट्रिशियनने इंजिनवर फिरून वीज बनवणारा जुना डायनॅमो तसाच ठेवला, आणि स्टेअरिंग फिरवलं की हेडलाइट मिणमिणायचे! ही मोटर उभ्या गाडीत तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते, जुन्या डायनॅमोची पूर्ण ताकद वीस-बावीसची, तीही इंजिन जोरात फिरत असताना. गाडी लावताना इंजिन असतं मंद, म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हाच वीज सगळ्यात कमी. मग मंद इंजिनावरही जास्त वीज देणारा अल्टरनेटर टाकला, मोटरला जाड वायर आणि वेगळा फ्यूज दिला. (काही जुन्या ब्रिटिश घाटाच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं, ते न बघता मोड्यूल, म्हणजे मोटर चालवणारा कॉम्प्युटर, लावला तर संपलंच.)

दुसरी भानगड वेगाची. कॉलम ज्या गाडीतून आला तिच्यात कॉम्प्युटर वेग बघून मदत कमी करत जातो, कारण ८०च्या पुढे हलकं स्टेअरिंग धोक्याचं, शिंक आली तरी गाडी लेन सोडेल. अ‍ॅम्बेसेडरमध्ये तो सिग्नल येणार कुठून? सिग्नल नाही मिळाला तर काही मोड्यूल मदतच बंद करतात, काही एकाच ठरलेल्या पातळीवर चालत राहतात. आम्ही वेगळा सेन्सर लावला, आणि माझ्या मते इथे पैसे वाचवू नयेत.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. टायर दगडाला अडकला तर पूर्वी हात दुखून आपण थांबायचो. मोटरला दुखत नाही, ती ढकलत राहते आणि भार जातो जुन्या पिनियनवर आणि चाकाला जोडणाऱ्या सळईवर, म्हणजे टाय रॉडवर. म्हणून हे काम करण्याआधी सांधे, ग्रीस, अलाइनमेंट, टायरची हवा सगळं बघून घ्या. कित्येक गाड्यांचं स्टेअरिंग तर हवा भरल्यावरच हलकं होतं, हे सांगून मी दोन मित्रांचा खर्च वाचवलाय.

पहिल्या दिवशी नाना बाजारातून फेरी मारून आले, म्हणाले, "आते ते एक बोटवर फिरस भो!" पण सवय बघा, अजूनही गाडी आधी वीतभर पुढे घेतात, मगच स्टेअरिंग फिरवतात.