चर्चमधील फिरती ध्वनियंत्रणा

उपासनेपुरती उभी करायची आणि उपासना संपली की गुंडाळून न्यायची, अशी ध्वनिवर्धनाची व ध्वनिमुद्रणाची यंत्रणा. भाड्याच्या सभागृहात जमणाऱ्या मंडळ्या, भिंतीला खिळाही ठोकू न देणाऱ्या जुन्या वास्तू, उघड्यावरील नाताळची किंवा ईस्टरची उपासना, विवाह, अंत्यविधी अशा ठिकाणी ती लागते. सामान मोजकेच असते : काही माइक, त्यांचे आवाज एकत्र करणारा एक मिक्सर, स्टँडवरचे दोन स्पीकर, केबलची पेटी आणि रेकॉर्डर. अडचण असते ती एकाच सामानातून दोन उलटी कामे करून घेण्याची. स्पीकर लावताना वास्तूचा घुमारा टाळायचा असतो; ध्वनिमुद्रण करताना त्यातलाच थोडा मुद्दाम पकडायचा असतो. मिक्सरची एक तार रेकॉर्डरला जोडली की झाले, ही समजूत बहुतेक बेचव मुद्रणांच्या मुळाशी आहे.

निनाद

दगडी भिंती, उंच छत आणि उघडी फरशी यांमुळे चर्चमध्ये आवाज लवकर विरत नाही. ध्वनी ६० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) खाली येण्यास लागणाऱ्या वेळाला निनादकाल म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून याचा पद्धतशीर अभ्यास केला. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असे त्यांचे प्रयोग चालत. त्यातून निघालेले सूत्र सोपे आहे : खोलीचे घनमीटरमधील आकारमान गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण.

बोलणे स्पष्ट कळायला निनादकाल एका सेकंदाच्या आसपास असलेला बरा. ऑर्गन आणि समूहगायन मात्र दोन सेकंद किंवा त्याहून जास्त निनादात खुलतात. म्हणजे जी वास्तू स्तोत्राला सोन्याची, तीच प्रवचनाला वैरीण. त्यात माणसे स्वतः गाद्यांसारखाच आवाज शोषून घेतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये केलेली चाचणी भरल्या चर्चमध्ये तशीच्या तशी लागू पडत नाही.

स्पीकरची मांडणी

मागच्या बाकांवर ऐकू येत नाही अशी तक्रार आली की पहिला हात आवाज वाढवण्याकडे जातो. त्याने काही साधत नाही, कारण थेट आवाजाबरोबर निनादही तेवढाच वाढतो. शब्द मोठे होतात, स्पष्ट होत नाहीत. उपाय म्हणजे स्पीकर माणसांच्या जवळ आणणे, आणि त्याचे तोंड समोरच्या भिंतीकडे किंवा छताकडे नव्हे, तर बसलेल्यांच्या डोक्यांकडे किंचित झुकवणे. उभा, सडपातळ कॉलम स्पीकर इथे उपयोगी पडतो. त्याचा आवाज आडवा पसरतो, वर-खाली फारसा जात नाही, त्यामुळे छताला कमी आदळतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस असेच कॉलम स्पीकर बसवून, चुंबकीय ड्रमच्या साहाय्याने मागच्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडण्याची सोय केली होती.

हा उशीर आज छोट्या डिजिटल मिक्सरमध्येही मिळतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटर मागे पोचायला त्याला ५० मिलिसेकंद लागतात. मागे मदतीचा स्पीकर ठेवला तर तेवढा उशीर आणि वर आणखी १०-१५ मिलिसेकंद द्यावेत. मग मागे बसलेल्याला आवाज जवळच्या डब्यातून नव्हे, व्यासपीठावरूनच येतो असे वाटते. कान आधी पोचलेल्या ध्वनीची दिशा खरी मानतो.

माइक

स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी बसते, आणि त्याचे कारण बहुतेकदा माइकचे अंतर असते. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि हा फायदा फुकटचा असतो. वाचनपीठावरचा लवचिक मानेचा माइक वाचकाच्या तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर थेट लागत नाही. एकाच वेळी उघड्या असलेल्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते, म्हणून ज्याचे काम नाही तो माइक बंद. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, मंडळीच्या बाजूला.

वेदीवर ठेवलेला माइक शब्दांइतक्याच प्रामाणिकपणे बाकीचे सगळे टिपतो. पान उलटले की खरखर, ताटली टेकली की खणकन आवाज, आणि तोही पूर्ण चर्चभर. माइकखाली घडी घातलेला रुमाल ठेवला तरी बराच फरक पडतो. अंगावरच्या बिनतारी माइकची गंमत वेगळी : पाळक किंवा फादर पहिल्या स्तोत्राला मंडळीबरोबर गाऊ लागतात आणि माइक उघडाच असतो. सूर कसाही असो, सगळ्या चर्चवर त्यांचाच आवाज. मिक्सरवर बसलेल्या माणसाने उपासनेचा क्रम हातात ठेवून फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळीवर, बोट ठेवायचे ते याचसाठी. पापकबुली किंवा खासगी समुपदेशन होणार असेल तर ट्रान्समीटर अंगावरून काढूनच घ्यावा.

घूंऽऽ असा सततचा आवाज बहुधा विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्‌झचा असतो. सगळी यंत्रे एकाच सॉकेटवरून चालवली आणि आवाजासाठी तीन पिनांच्या संतुलित (बाहेरची खरखर रोखणाऱ्या) केबल वापरल्या तर तो सहसा येत नाही. विजेच्या प्लगमधली भूजोडणीची पिन काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तो जिवावर बेतू शकतो.

ध्वनिमुद्रण

मिक्सरमधून फक्त माइकसमोर घडले तेवढेच बाहेर येते. ऑर्गनला माइक नसतो, मंडळीला तर नसतोच. परिणामी मुद्रण ऐकताना पाळक एकटेच कुठल्यातरी कपाटात बोलत आहेत असे वाटते आणि मंडळीचे ‘आमेन’ दुरून कुजबुजल्यासारखे येते. म्हणून चर्चच्या आवाजासाठी दोन माइकची वेगळी जोडी हवी. फ्रेंच नभोवाणीने रूढ केलेली एक मांडणी इथे चांगली चालते : दोन माइक एकमेकांपासून १७ सेंटिमीटर, त्यांच्यात ११० अंशांचा कोन. गायनवृंदासमोर तीन-चार मीटर उंचीवर ती जोडी लावावी. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच, कारण खाली लहान मुले धावतात. ही जोडी फक्त रेकॉर्डरला जाते, स्पीकरला कधीच नाही.

जोडी व्यासपीठापासून दहा मीटर दूर असेल तर तिच्यातला आवाज जवळच्या माइकपेक्षा सुमारे २९ मिलिसेकंद मागे असतो. संपादनात जवळचा माइक तेवढा मागे सरकवला की दोन्ही जुळतात. मग प्रवचनाला जवळचा माइक पुढे आणि स्तोत्राला जोडी पुढे, असा तोल ठेवता येतो.

४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या दर्जावर दोन चॅनेलचे तासाभराचे मुद्रण साधारण १ गिगाबाइट जागा घेते. आवाजाची उंच टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील (शून्य ही रेकॉर्डरची कमाल मर्यादा) असा गेन, म्हणजे येणारा आवाज वाढवण्याचे प्रमाण, ठेवावा. चाचणीच्या वेळी ऑर्गनवादक बेताने वाजवतात आणि शेवटच्या स्तोत्राला सगळे स्वर उघडतात, हे गृहीत धरलेले बरे.

प्रक्षेपणाचा आरंभ

चर्चमध्ये सामान नेऊन उपासना बाहेर पोचवण्याची प्रथा नभोवाणीइतकीच जुनी आहे. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील सायंउपासना केडीकेए या नभोवाणी केंद्रावरून प्रसारित झाली. उपासकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून तंत्रज्ञांना गायनवृंदाचे झगे चढवले होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून बीबीसीने १९२६ मध्ये सुरू केलेले सायंउपासनेचे प्रसारण पुढे अनेक दशके चालू राहिले.

उभारणी आणि आवरासावर

केबल मधल्या वाटेवरून नेऊ नये. तिथून मिरवणूक जाते, वधू येते, शवपेटी नेली जाते. वाट ओलांडावीच लागली तर कापडी टेपने केबल पूर्ण लांबीभर चिकटवावी. जुन्या पॉलिशच्या लाकडावर आधी कोपऱ्यात टेपचा तुकडा लावून पाहावा. सुरू करताना मिक्सर आधी आणि स्पीकर शेवटी, बंद करताना उलट, नाहीतर शांत चर्चमध्ये धाडकन आवाज होतो. केबल कोपराला गुंडाळली की आतल्या तारा पिळल्या जातात. एक वेढा सरळ, एक उलटा अशी गुंडाळावी.

मुद्रण इंटरनेटवर टाकण्यापूर्वी ते एकदा पूर्ण ऐकावे लागते. स्तोत्रांचे हक्क कोणाचे आहेत ते पाहावे लागते आणि मध्यस्थीच्या (इतरांसाठी केलेल्या) प्रार्थनेत घेतलेली आजाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय असतील तर तो भाग कापावा लागतो. उपासनेत नवा विषय सुरू होताना रेकॉर्डरवर खूण करून ठेवली असेल, तर तो भाग मिनिटभरात सापडतो.