इन्सर्शन सॉर्टला नावं ठेवू नका, पायथॉन रोज तोच वापरतं

सॉर्टिंग, म्हणजे आकडे किंवा नावं क्रमाने लावणं, शिकताना आधी बबल, मग सिलेक्शन, मग इन्सर्शन, आणि लगेच सांगितलं जातं की हे तिन्ही स्लो, परीक्षेपुरते पाठ करा, खरं काम मर्ज सॉर्ट नि क्विक सॉर्टचं. बबल सॉर्ट गेला तरी माझं काही म्हणणं नाही. पण इन्सर्शन सॉर्टवर हा अन्याय आहे राव.

रमीचे पत्ते हातात लावतो तसाच प्रकार. डावीकडचे लागलेत असं धरायचं, पुढचा आकडा उचलायचा आणि डावीकडे बघत जायचं, जो मोठा दिसेल त्याला एक घर उजवीकडे सरकवायचं, मोठा मिळायचा थांबला की उचललेला तिथं ठेवायचा. पायथॉनमध्ये बाहेर फॉर लूप, आत व्हाइल लूप, सात-आठ ओळींत खेळ खलास. फक्त व्हाइलमध्ये इंडेक्स (लिस्टमधल्या जागेचा नंबर) शून्याखाली गेला नाही ना हे आधी तपासा, कारण उणे एक इंडेक्स दिला तर पायथॉन एरर देत नाही, गपचूप लिस्टमधला शेवटचा आयटम काढून देतं आणि मग बसा शोधत. दुसरं म्हणजे अट 'मोठा असेल तर सरकव' अशीच ठेवा, 'मोठा किंवा सारखा' अशी नको. नावाप्रमाणे लावलेली यादी मार्कांप्रमाणे लावली तर सारखे मार्क असलेली मुलं नावाच्याच क्रमात राहायला हवीत ना, त्या एका जादा चिन्हाने ती उलटीपालटी होतात. क्रम टिकवणाऱ्या सॉर्टला स्टेबल म्हणतात.

आता स्लो म्हणजे किती? 1000 आकडे पूर्ण उलटे असतील तर 4,99,500 तुलना, मर्ज सॉर्टला साधारण दहा हजारही लागत नाहीत. पण तेच आकडे आधीच लागलेले असतील तर इन्सर्शन सॉर्ट 999 तुलनांत मोकळा! आणि खऱ्या आयुष्यातला डेटा बऱ्याचदा अर्धवट लागलेलाच असतो, जुनी यादी असते आणि खाली चार नवीन नोंदी.

टिम पीटर्सने 2002 मध्ये पायथॉनसाठी सॉर्ट लिहिला तो हेच धरून. टिमसॉर्ट लिस्टमध्ये आधीच चढत्या क्रमात असलेले तुकडे शोधतो, उतरते मिळाले तर उलटवून घेतो, तुकडा फार छोटा असेल तर इन्सर्शन सॉर्टने वाढवतो (जागा मात्र बायनरी सर्चने, म्हणजे दरवेळी निम्मा भाग बाद करत शोधतो), आणि मग सगळे तुकडे मर्ज करतो, म्हणजे क्रम राखून एकात एक जोडतो. 64 पेक्षा कमी आयटमची लिस्ट असेल तर मर्जची वेळच येत नाही.

पुढे जावा आणि अँड्रॉइडनेही हा सॉर्ट घेतला. आणि 2015 मध्ये गंमत झाली, काही संशोधक गणिती पद्धतीने तो बरोबर आहे हे सिद्ध करायला बसले तर सिद्धच होईना. कुठले तुकडे कधी जोडायचे हा नियम काही वेळा मोडत होता, त्यामुळे तुकड्यांची नोंद ठेवणारा ॲरे (ठरावीक जागांचा रकाना) कमी पडायचा आणि जावाचा प्रोग्रॅम क्रॅश व्हायचा, अर्थात त्यासाठी कोट्यवधी आयटमची मुद्दाम रचलेली लिस्ट लागायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलंच नव्हतं. पायथॉनवाल्यांनी नियमच दुरुस्त केला. जावावाल्यांनी नुसता ॲरे वाढवला, आणि 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की तो वाढवलेला ॲरेही पुरत नव्हता.