मदतफेरीची परवानगी (कोल्हापूर)

रस्त्यावर, चौकात किंवा बाजारात डबा घेऊन लोकांकडून मदतीचे पैसे गोळा करायच्या आधी जी सरकारी परवानगी काढावी लागते ती ही. कोल्हापुरात तिला कुणी वेगळं नाव देत नाही, 'धर्मादायचं पत्र काढलंय का' एवढंच विचारतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ४१ क याच्यासाठीच आहे. ज्यांचा रजिस्टर ट्रस्ट नाही, म्हणजे गल्लीतलं मंडळ, तालीम, कॉलेजची पोरं, त्यांनी धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वर्गणी मागायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला लेखी कळवून परवानगी घ्यायची. अर्ज आता ऑनलाइन होतो, सोबत मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि आधी गोळा केलं असेल तर मागच्या वर्षीचा हिशोब लागतो. गणपतीच्या तोंडावर सगळी मंडळं एकदमच अर्ज करतात, त्यामुळं लवकर केलेला बरा. परवानगी न घेता गोळा केलं तर कलम ६६ क खाली तीन महिन्यांपर्यंत कैद आणि जमा रकमेच्या दीडपट दंड होऊ शकतो.

पण धर्मादायचं पत्र मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही, आणि बरेच जण इथंच अडकतात. बिनखांबी गणेश मंदिराजवळ किंवा रंकाळ्यावर टेबल, मांडव टाकायचा तर महापालिका, स्पीकर लावून रिक्षा फिरवायची तर पोलीस ठाणं, एसटी स्टँडच्या आत उभं राहायचं तर तिथल्या आगाराला विचारायचं. रेल्वे स्टेशनची हद्द रेल्वेची, तिथं पालिकेचा कागद चालत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आलं, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं बुडाली, आणि अशा वेळी कोल्हापूरकर पाकीट उघडताना मागंपुढं बघत नाही. म्हणून तर कागद नीट पाहिजे, कारण देणारा डोळे झाकून देतो. चांगल्या फेरीतला डबा लगेच ओळखू येतो, झाकणाला सील, फटीतून नोट आत जाते पण बोट जात नाही, आणि बाजूला परवानगीची झेरॉक्स चिकटवलेली, पावसानं भिजू नये म्हणून वरून सेलोटेप. पावती पुस्तकावर छापील नंबर असतात. संध्याकाळी तालमीत सतरंजीवर चारचौघांसमोर डबा फोडायचा, चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या, आकडा वहीत लिहून दोघांच्या सह्या, आणि दुसऱ्या दिवशी पैसे मंडळाच्या खात्यात भरायचे, कुणाच्या घरी राहू द्यायचे नाहीत.

आता डब्यावर क्यूआर कोड पण असतो. तो मंडळाच्या खात्याचाच हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा कोड लावला की पैसा प्रामाणिकपणे खर्च झाला तरी हिशोबात दाखवता येत नाही. ज्या ट्रस्टला ८०जी, म्हणजे देणगीवर आयकर सवलत मिळवून देणारी मान्यता, आहे त्यांच्याकडं रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर देणाऱ्याला आयकराची सवलत मिळत नाही, हे मोठी रक्कम देणाऱ्याला तिथंच सांगावं.

ही परवानगी पैसे मागण्याची आहे, जबरदस्ती करण्याची नाही. दुकानदाराला धमकावून फाडलेली पावती म्हणजे खंडणी, आणि तो गुन्हा वेगळा लागतो.