शालेय परिचारिका : कार्यताण व कार्यसमाधान (ग्रामीण विदर्भ)

शालेय मुलांची आरोग्यतपासणी व पाठपुरावा करणाऱ्या परिचारिकांवर कामाच्या परिस्थितीमुळे येणारा ताण आणि त्याच कामातून त्यांना लाभणारे समाधान. ग्रामीण विदर्भात जिल्हा परिषदेच्या शाळेला स्वतःची परिचारिका सहसा नसते. त्यामुळे ही संज्ञा येथे मुख्यतः राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकातील परिचारिकेस लागू पडते. गावात तिला ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ म्हणतात.

शालेय परिचर्येच्या उगमाविषयी दोन मते आहेत. काही अभ्यासक १८९२ मध्ये परिचारिका एमी ह्यूज यांनी लंडनच्या ड्रूरी लेन भागातील शाळेला दिलेल्या भेटींपासून आरंभ मानतात, तर काही १९०२ मधील परिचारिका लिना रॉजर्स यांच्या न्यूयॉर्क येथील नेमणुकीपासून. कालक्रमाने पहिले मत बरोबर ठरते. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरे अधिक ग्राह्य वाटते. न्यूयॉर्कमध्ये शालेय वैद्यकीय तपासणी आधीपासून होती, पण आजारी मूल घरी पाठवले की त्याचे पुढे काय झाले हे कोणी पाहत नसे. रॉजर्स मुलाच्या घरापर्यंत गेल्या आणि गैरहजेरी झपाट्याने घटली. म्हणजे परिचारिकेचे पद तपासणीपेक्षा पाठपुराव्यासाठी निर्माण झाले. भारतात विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोद्यात झाल्याचे सामान्यतः मानले जाते. रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालील शालेय आरोग्य समितीचा अहवाल १९६१ चा.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पथकात दोन आयुष वैद्यक, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीला वर्षातून दोनदा व शाळेला एकदा भेट देऊन जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, आजार व विकासातील विलंब यांची तपासणी होते. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर पडते. मुलीच्या रक्ततपासणीचा निकाल पुढे तिच्या सोयरिकीच्या आड येईल, या धास्तीने पालक कचरतात, आणि त्यांची समजूत घालण्याचे काम बहुधा परिचारिकेकडेच येते.

ताणाचे स्पष्टीकरण देताना हर्झबर्ग यांचा द्विघटक सिद्धांत (१९५९) व कारासेक यांचे मागणी–नियंत्रण प्रतिमान (१९७९) यांचा आधार घेतला जातो. समाधान व असमाधान वेगवेगळ्या घटकांतून येतात, या हर्झबर्ग यांच्या मांडणीने कंत्राटी नेमणूक व तुटपुंजे मानधन यांतून येणारे असमाधान उलगडते. ते खरे आहे व गंभीरही आहे. परंतु येथील ताणाचे मर्म कारासेक यांच्या प्रतिमानात अधिक नेमके सापडते : जबाबदारी मोठी, अधिकार अल्प. हृदयात छिद्र असलेले मूल परिचारिका शोधून काढते, पुढील उपचारासाठी चिठ्ठी देते. ते जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेल की नाही हे मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, एसटीची वेळ आणि घरातील मोठ्यांचा कौल ठरवतात. मेळघाटात दिवाळीनंतर कुटुंबेच कामासाठी बाहेर पडतात आणि नोंदवहीतील मूल पुढच्या भेटीत सापडत नाही. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, लगेच पावसाळा. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने वाट बंद होते. अशाने भेटींचे वेळापत्रक उरलेल्या महिन्यांत कोंबावे लागते.

समाधानाचे मूळही पाठपुराव्यातच आहे. अंगणवाडीत पाहिलेले मूल अठराव्या वर्षापर्यंत याच कार्यक्रमात राहते. शस्त्रक्रिया होऊन परतलेले मूल पुढच्या वर्षी वर्गात बसलेले दिसणे, हे या कामाचे फळ होय. परिचारिका बदलली की हा धागा तुटतो. कंत्राटी पद्धतीचा हा तोटा वेतनाच्या चर्चेत झाकला जातो.

आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांची (धारणी, चिखलदरा, एटापल्ली इ.) स्थिती वेगळी आहे. तेथे मुले निवासी असल्याने रात्रीच्या आजारपणाचा भार परिचर्येचे शिक्षण नसलेल्या अधीक्षिकेवर पडतो.