जुन्या ट्रकच्या काचेचं रबर नेमकं कशामुळे तडकतं?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो हे आपल्याला कोणी सांगायला नको, पण त्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या ट्रकच्या दाराचं रबर काय सोसतं याचा विचार आपण पावसात सीट भिजली की मगच करतो.

नैसर्गिक रबर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, आणि साखळीच्या प्रत्येक कडीत कार्बनचा एक डबल बाँड, म्हणजे दोन कार्बन अणूंमधला दुहेरी बंध. गंधक घालून तापवलं की या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात हे 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं आणि तेव्हापासून रबर ताणून सोडलं तरी जागेवर यायला लागलं. पण बरेचसे डबल बाँड तसेच शिल्लक राहतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथेच साखळी तोडतो. ओझोन काय फक्त आकाशात उंचावर नसतो, गाड्यांचा धूर आणि कडक ऊन मिळून तो जमिनीलगतही तयार होतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या हायवेवर सगळा माल तयारच. प्रमाण अगदी किरकोळ असतं तरी रबराला तेवढं पुरतं. आणि तडे पडतात ते ताणलेल्या जागी, ताणाच्या आडवे, म्हणून सरळ पट्टी धड दिसते आणि कोपऱ्यावर वळवलेलं रबर आधी फाटतं. रबर तपासायचं असेल तर कोपरेच बघा.

उष्णतेचं काम वेगळं. वर्षानुवर्षं दाबलेलं रबर तापत राहिलं की साखळ्यांमध्ये त्याच दाबलेल्या आकारात नवीन गाठी बसतात, मग दार उघडलं तरी ते परत फुगत नाही आणि फटीतून पाणी, धूळ सगळं आत.

म्हणून नवीन घेताना ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मागा. यात मुख्य साखळीत डबल बाँडच नसतो, जे थोडे असतात ते बाजूला लटकलेले, त्यामुळे ओझोनला साखळी तोडता येत नाही. फक्त त्याला डिझेल, ग्रीस लावू नका, तेलानं ते फुगून मऊ पडतं. बसवताना साबणाचं पाणी, नंतर सिलिकॉनचा स्प्रे, बस.

आता दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली छोटी त्रिकोणी काच, जी मला एसीपेक्षा भारी वाटते. ती थोडी तिरपी उघडली की तिच्या मागच्या कडेपाशी हवेचा दाब कमी होतो आणि केबिनमधली गरम हवा बाहेर खेचली जाते, पूर्ण उलटी फिरवली तर बाहेरचा वारा थेट अंगावर. काच खिळीवर फिरते, त्यामुळे तिचं रबर एका बाजूला आतून आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून टेकलेलं असतं, साधी पट्टी कापून चिकटवली तर खिळीपाशी हमखास गळतं. साच्यातलं अखंड रबरच घ्या आणि दाराची मोठी काच खाली करून दोन काचांमधली उभी पट्टी सोडवून अख्खी फ्रेम बाहेर काढा, जागेवर कोंबायच्या नादात नवीन रबर फाटतं. फ्रेमचा गंजही तेव्हाच घासून घ्या, खरबरीत पत्र्यावर कोणतंच रबर नीट बसत नाही.

आणि एक, दार पूर्ण वॉटरप्रूफ नसतंच, काचेवरून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या भोकांमधून निघून जातं. ती भोकं आपल्या काळ्या मातीनं बुजलेली असतील तर दार खालून सडतं, रबर कितीही नवं असो, तेव्हा सगळं उघडलंच आहे तर तारेनं ती मोकळी करून घ्या.