लिनक्स इन्स्टॉल करणं सोपं कसं झालं?

पेनड्राइव्ह लावायचा, भाषा निवडायची, चार-पाच वेळा ‘पुढे’ दाबायचं, की लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम संगणकावर बसते. याचं श्रेय बहुतेक वेळा प्रोग्रामरना मिळतं. मला मात्र यात मोठा वाटा मॅन्युअल लिहिणाऱ्यांचा वाटतो, आणि तो सांगितला जायला हवा.

याची मुळं युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहेत; लिनक्स तिच्याच धर्तीवर बनलं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या युनिक्स मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. कमांडच्या पानावर ‘बग्ज’ असा वेगळा मथळा असे आणि शेवटी प्रोग्राम कोणाचा, तेही लिहिलेलं असे. आपल्या प्रोग्राममध्ये काय बिघडतं हे आपणच छापून द्यायचं, ही शिस्त तिथून आली.

१९९१ मध्ये फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जाहीर केलं, तेव्हा तो नुसता कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, होता. सुरुवातीला लोक एक बूट फ्लॉपी आणि एक रूट फ्लॉपी घालून मशीन चालू करत. पुढचं ज्याचं त्याने जुळवायचं. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंगने स्लॅकवेअर आणलं, महिनाभरात इयन मर्डॉकने डेबियनची घोषणा केली. दोन्हींत कर्नलसोबत बाकीचे प्रोग्रामही एकत्र मिळत. स्लॅकवेअरच्या फ्लॉप्या अक्षरांनुसार लावलेल्या असत: ‘ए’ म्हणजे मूळ सिस्टिम, ‘एन’ नेटवर्क, ‘एक्स’ ग्राफिक्स. त्यात ‘एफ’ हा संच फक्त प्रश्नोत्तरं आणि हाउटूंचा, म्हणजे ‘हे कसं करायचं’ सांगणाऱ्या पुस्तिकांचा, होता. इंटरनेट हाताशी नसलेल्या माणसाला अडल्यावर वाचायला काहीतरी सोबतच मिळायचं, हे मला फार मोलाचं वाटतं.

हे हाउटू लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टचे. मॅट वेल्शसारखे लोक ते विनामोबदला लिहीत. डॉस या जुन्या सिस्टिमच्या पार्टिशनमधली, म्हणजे डिस्कच्या भागातली, जागा ‘फिप्स’ या प्रोग्रामने कशी मोकळी करायची, मॉनिटरची हॉरिझाँटल फ्रिक्वेन्सी कुठे शोधायची, सगळं त्यात असे. ही फ्रिक्वेन्सी चुकीची भरली तर जुना मॉनिटर खराब होऊ शकत असे, त्यामुळे इशारा ठळक.

सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे वर्नर आल्मेसबर्गर यांचा बूटलोडर लिलो, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स डिस्कवरून उचलून चालू करणारा प्रोग्राम. सुरू होताना तो स्वतःच्या नावाची एकेक अक्षरं पडद्यावर उमटवत असे. नुसतं ‘एल’ येऊन थांबलं, तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलता आला नाही. ‘एल-आय’वर थांबलं, तर तो उचलला पण चालवता आला नाही, बहुधा डिस्कची मापं चुकली. चारही अक्षरं आली, की गाडी रुळावर. हा तक्ता मॅन्युअलमध्येच होता. काळा पडदा आणि दोन अक्षरं, तरी वाचणाऱ्याला कुठे बघायचं ते कळे.

पुढे या हाउटूंमधली एकेक अडचण इन्स्टॉलरनेच सोडवायला सुरुवात केली. मॉनिटर आपली मापं स्वतः सांगू लागले. २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांचं नॉपिक्स आलं. ते सीडीवरूनच चाले आणि हार्डवेअर आपोआप ओळखे. २००६ च्या उबुंटू ६.०६ मध्ये चालू डेस्कटॉपवरूनच इन्स्टॉल करता येऊ लागलं. नेमकं काय सोडवायचं, याची यादी अनेक वर्षं हाउटूंमध्ये पडून होतीच.

भारतात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या आणि अनेकांची पहिली ओळख तिथे झाली. मराठीला मात्र वाट पाहावी लागली. डेबियनच्या अक्षरी इन्स्टॉलरमध्ये देवनागरीची जोडाक्षरं दाखवता येत नसत. २००७ च्या आवृत्तीत ग्राफिकल इन्स्टॉलर आला, तेव्हा दार उघडलं. २००९ च्या ‘लेनी’ नावाच्या आवृत्तीत मराठी दाखल झाली. त्याआधीच, २००४ मध्ये, रेड हॅट या लिनक्स कंपनीने खुले केलेले भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट उपलब्ध होते.

म्हणजे ‘डिस्कचे विभाजन करायचे का’ हा प्रश्न आज मराठीत विचारला जातो. पण ‘हो’ म्हटलं तर जुन्या फायलींचं काय होईल, हे समजावणारं डेबियनचं इन्स्टॉलेशन गाइड मराठीत नाही. हे काम अजून करण्याजोगं आहे. गाइडचा मजकूर खुल्या परवान्याखाली आहे आणि कोणीही अनुवाद करून पाठवू शकतो. सुरुवात विभाजनाच्या प्रकरणापासून व्हावी, कारण डेटा जातो तो तिथेच.