प्रेक्षकांचा मैदानप्रवेश आणि गर्दीचे नियंत्रण (फुटबॉल)

फुटबॉलचा सामना सुरू असताना, मध्यंतरात किंवा शेवटची शिटी वाजताच प्रेक्षकांनी सीमारेषा ओलांडून खेळाच्या जागेत शिरणे याला मैदानप्रवेश म्हणतात. बोलीभाषेत ‘पब्लिक आत घुसली’ एवढेच म्हटले जाते. हा प्रवेश कधी एकट्यादुकट्याचा असतो, कधी हजारोंचा. त्यामागे कधी आनंद असतो, कधी राग, आणि पुष्कळदा केवळ नाइलाज असतो, कारण मागून रेटा आला की पुढच्या रांगेतल्या माणसाला पाय टाकायला मोकळी जागा एकच उरते आणि ती म्हणजे मैदान. या तिसऱ्या प्रकाराकडे आयोजकांचे आणि पोलिसांचे नेहमी दुर्लक्ष होते. आत येणारा प्रत्येक जण हुल्लडबाजच असणार, असे गृहीत धरून केलेल्या बंदोबस्तानेच या खेळाच्या इतिहासातील काही मोठे अनर्थ घडवले आहेत.

नाइलाजाने झालेल्या मैदानप्रवेशाचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचे आहे. 28 एप्रिल 1923 रोजी बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम युनायटेड यांच्यातील एफए कप या इंग्लंडमधील स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी, सुमारे सव्वा लाख क्षमतेच्या या नव्या स्टेडियमवर अंदाजे दोन लाखांहून अधिक लोक आले. सर्वांसाठी आगाऊ तिकिटे ठेवलेली नव्हती. माणसे भिंतींवरून आत उतरली आणि उभे राहायला जागा न उरल्याने मैदान भरून गेले. घोडेस्वार पोलिसांनी, विशेषतः एका पांढुरक्या घोड्यावरच्या शिपायाने, गर्दीला हळूहळू रेषेबाहेर सरकवले आणि सामना पाऊण तास उशिराने सुरू झाला. प्रेक्षक अक्षरशः रेषेला चिकटून उभे असताना खेळ पूर्ण झाला आणि बोल्टनने तो 2-0 असा जिंकला. कोणी कोणावर धावून गेले नव्हते. चूक होती ती प्रवेशद्वारावरची.

पुढे 1970 च्या दशकात इंग्लंडमधील हुल्लडबाजी वाढली तेव्हा यावर उपाय म्हणून प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये उंच लोखंडी जाळ्या उभारल्या गेल्या. 4 जून 1977 रोजी वेम्बलीवर इंग्लंडला 2-1 असे हरवल्यावर स्कॉटलंडच्या समर्थकांनी मैदानात उतरून गोलपोस्ट मोडले आणि हिरवळीचे तुकडे उपटून घरी नेले, त्यामुळे जाळीच्या बाजूने बोलणाऱ्यांना बळ मिळाले. या जाळ्यांची खरी किंमत 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर कळली. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कपच्या उपांत्य सामन्याआधी बाहेरची कोंडी फोडण्यासाठी एक मोठे फाटक उघडण्यात आले; आत आलेला लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला आणि पुढची माणसे जाळीवर चिरडली गेली. जीव वाचवण्यासाठी जाळीवर चढणाऱ्यांना पोलिसांनी सुरुवातीला घुसखोर समजून परत आत ढकलले. सामना सहा मिनिटांत थांबला. मृतांचा आकडा अखेर 97 वर गेला. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या 1990 च्या अहवालानंतर वरच्या श्रेणीच्या मैदानांवरून जाळ्या निघाल्या, सर्वांना बसायला आसने आली, आणि जाळीची जागा 1991 च्या फुटबॉल गुन्हे कायद्याने घेतली: परवानगीविना खेळाच्या जागेत जाणे हा इंग्लंडमध्ये स्वतंत्र गुन्हा ठरला. मे 2022 मध्ये फॉरेस्टच्याच मैदानावर विजयाच्या जल्लोषात आत आलेल्या एका प्रेक्षकाने शेफील्ड युनायटेडच्या खेळाडूला डोक्याने धडक दिली व त्याला तुरुंगवास झाला; त्यानंतरच्या हंगामापासून मैदानात शिरणाऱ्यावर क्लबकडून थेट बंदी येऊ लागली.

रागातून होणारा प्रवेश सर्वांत घातक असतो, पण तिथेही मृत्यू बहुधा आत घुसण्यामुळे होत नाहीत. बाहेर पडण्याचे मार्ग बंद असल्यामुळे होतात. इजिप्तमधील पोर्ट सईद येथे 1 फेब्रुवारी 2012 रोजी यजमान अल-मसरी संघ जिंकलेला असूनही त्याचे समर्थक मैदान ओलांडून अल-अहलीच्या समर्थकांवर चालून गेले आणि 74 जण दगावले. त्यांपैकी कित्येक बंद फाटकापाशी चेंगरले. इंडोनेशियातील मलंग शहराच्या कंजुरुहान स्टेडियमवर 1 ऑक्टोबर 2022 रोजी अरेमा संघ पर्सेबायाकडून 3-2 असा हरल्यावर लोक खाली उतरले. पोलिसांनी मैदानाबरोबरच गॅलरीतही अश्रुधुराची नळकांडी फोडली. धुरापासून पळणारे लोक अरुंद दारांत अडकले आणि 135 जणांचा जीव गेला. जागतिक फुटबॉल महासंघाच्या म्हणजे फिफाच्या सुरक्षा नियमांत स्टेडियममध्ये असा वायू बाळगण्यासही मनाई आहे.

खेळाच्या नियमांत प्रेक्षक हा ‘बाहेरचा घटक’ मानला जातो. तो आत आल्यामुळे खेळात व्यत्यय आला तरच पंच खेळ थांबवतात आणि नंतर चेंडू टाकून खेळ पुन्हा सुरू करतात. सामना काही काळ थांबवण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार पंचांचा आहे. मात्र रेषेबाहेरच्या माणसांना आवरण्याची जबाबदारी पंचांची नाही, ती आयोजकांची आहे. गावोगावच्या स्पर्धांत हा फरक अनेकदा विसरला जातो आणि पंचच हात जोडून लोकांना मागे सरकायला सांगताना दिसतात.

मोठ्या स्टेडियमवर हे काम स्ट्युअर्ड करतात. ते पोलीस नसतात. त्यांना कोणालाही अटक करण्याचे खास अधिकार नसतात आणि त्यांच्या हातात काठीही नसते. भडक पिवळे किंवा नारिंगी जाकीट, बिनतारी यंत्र आणि नेमून दिलेली जागा एवढेच त्यांचे साहित्य. या कामाचा पहिला धडा म्हणजे खेळाकडे पाठ करून उभे राहणे. गोल झाला की नव्या माणसाची मान हमखास मैदानाकडे वळते, आणि कठडा ओलांडणारा नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत ओलांडतो. म्हणून अनुभवी स्ट्युअर्ड चेंडू पाहत नाही, तो चेहरे पाहतो: कोणी बुटाची नाडी घट्ट करतो आहे, कोणी हातातला मोबाइल मित्राकडे देतो आहे, कोणी रांग सोडून पायऱ्यांच्या कडेला येऊन बसला आहे. एकटा धावणारा आत गेलाच तर सगळ्यांनी त्याच्यामागे पळायचे नसते. दोघे किंवा चौघे जातात, बाकीचे जागा सोडत नाहीत, कारण पाठलाग बघून रिकाम्या झालेल्या कडेने आणखी दहा जण येतात. दूरचित्रवाणीचे कॅमेरेही अशा वेळी मुद्दाम दुसरीकडे वळवले जातात, कारण बऱ्याच जणांना पडद्यावर दिसायचेच असते.

विजयाच्या क्षणी हजारो लोक एकदम उतरणार असे दिसले तर त्यांना अंगाने अडवणे चुकीचे मानले जाते. शेवटच्या दहा मिनिटांत स्ट्युअर्डची साखळी उभी केली जाते, पण ती गर्दीला थोपवण्यासाठी नसते. तेवढ्या वेळात दोन्ही संघ, पंच आणि पाहुण्या संघाचे समर्थक यांना मोकळी वाट मिळावी, हा तिचा उपयोग. साखळी तुटू लागली की ती ठरलेल्या इशाऱ्यावर मागे घेतात आणि साखळीतले स्ट्युअर्ड गोलपोस्ट व खेळाडूंचा बोगदा राखायला पाठवतात.

याचा बराचसा भाग सामन्याच्या दिवशी नव्हे, त्याआधी कागदावर ठरतो. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर 2 जानेवारी 1971 रोजी सामना संपताना जिन्यावर 66 जण चिरडून मेले, त्यानंतर ब्रिटनमध्ये 1973 साली क्रीडांगण सुरक्षेची मार्गदर्शिका निघाली. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांनुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 आणि जिन्यावरून 66 माणसे बाहेर पडतात असे धरतात, तर उभ्या प्रेक्षकांसाठी एका चौरस मीटरला सुमारे 4.7 माणसे ही कमाल मर्यादा मानतात. हे हिशेब गावच्या स्पर्धेलाही लागू पडतात. तीन मीटरच्या एकाच फाटकातून दोन हजार माणसे बाहेर काढायची असतील तर आठ मिनिटांहून अधिक वेळ लागणार, आणि त्याच फाटकात वडापावची गाडी व पंधरा दुचाक्या उभ्या असतील तर किती लागेल ते वेगळे सांगायला नको.

बेळगाव आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील तालुक्यांत या विषयाचे स्वरूप निराळे आहे. बेळगावात फुटबॉलला छावणी, 1856 साली सुरू झालेल्या सेंट पॉल्ससारख्या शाळा आणि गोव्याची जवळीक अशी तिहेरी पार्श्वभूमी आहे; निपाणीकडचा शौकीन मात्र कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरील तालीम मंडळांच्या फुटबॉल सामन्यांत रमतो. कोल्हापुरात पेठेचा अभिमान संघाशी जोडलेला असल्यामुळे गॅलरीतली ईर्ष्या मैदानाबाहेर, रस्त्यावरही उतरते, आणि तिथल्या बंदोबस्तात पोलिसांचा वाटा मोठा असतो. बेळगाव परिसरातील बहुतेक मैदानांवर चारही बाजूंनी बंदिस्त गॅलरी नाही. प्रेक्षक रेषेपासून दोन-तीन पावलांवर उभे असतात, लहान मुले त्यांच्या पुढ्यात मातीत बसतात, आणि मैदान व माणसे यांच्यामध्ये असते ती फक्त चुन्याची रेघ. फार तर खुंट्यांना बांधलेली एक सुती दोरी.

त्यात इथला पाऊस. शालेय स्पर्धा पावसाळ्यात आल्या की छत्र्या उघडतात, मागच्याला काही दिसेनासे होते, तो बाजूने एक पाऊल पुढे येतो, त्याच्या मागचाही येतो. लाल चिखलात चुन्याची रेघ अर्ध्या तासात पुसट होते आणि मध्यंतरापर्यंत कोपऱ्यावरचा झेंडा गर्दीच्या आत गेलेला असतो. कॉर्नर घ्यायला आलेल्या खेळाडूला धाव घेण्यापुरती जागा मागावी लागते. याला घुसखोरी म्हणता येणार नाही, पण निकालावरून वाद झालाच तर मैदानात पोहोचायला या गर्दीला काहीच ओलांडावे लागत नाही. उपाय स्वस्त आहे: दोरी रेषेपासून किमान तीन मीटर मागे बांधणे, छत्र्यांसाठी एक बाजू वेगळी ठेवणे आणि मध्यंतरात रेघ पुन्हा आखणे. तो केला जात नाही याचे कारण बहुधा इतकेच की, मागे सरायला सांगितलेले ओळखीचेच लोक असतात आणि वाईटपणा कोणाला नको असतो.

ओळख हीच दुसऱ्या बाजूने इथली ताकद आहे. इथे पगारी स्ट्युअर्ड नसतात; आयोजक मंडळाचे कार्यकर्ते गळ्यात ओळखपत्र अडकवून उभे राहतात. गणेश विसर्जनाची लांबलेली मिरवणूक, शिवजयंतीचे चित्ररथ, सौंदत्तीची यल्लम्मा किंवा चिंचलीची मायाक्का यात्रा अशा गर्दीत त्यांचा हात बसलेला असतो. ‘मामा, दोरीच्या मागं या की’ असे नावानिशी सांगितले तर जे होते ते शिट्टी फुंकून होत नाही. अडचण येते ती परगावच्या संघाबरोबर टेम्पो भरून माणसे येतात तेव्हा. त्यांना कार्यकर्ते ओळखत नाहीत, आणि कार्यकर्ते स्वतः एका संघाचे समर्थक असतात. म्हणून जाणते आयोजक पाहुण्यांच्या बाजूला त्यांच्याच गावचे दोन-चार जबाबदार लोक उभे करतात, आणि ध्वनिक्षेपकावरून ‘मागं सरा’ पाठोपाठ कन्नडमधून ‘हिंदक्के सरीरी’ही ऐकवतात. सूचना एकाच भाषेत दिली की निम्मी गर्दी हलते आणि उरलेल्या निम्म्या गर्दीवर आदळते.

या भागातील प्रेक्षकाच्या वागण्यामागे कुस्तीचीही सवय आहे. बेळगावातील आनंदवाडीच्या आखाड्यात निकाली कुस्ती झाली की लोक हौद्यात धावतात, विजयी मल्लाला खांद्यावर घेतात, इनाम हातात ठेवतात; तिथे आत जाणे हा मानच असतो. तोच प्रेक्षक टायब्रेकरच्या शेवटच्या फटक्यानंतर गोलरक्षकाला खांद्यावर घ्यायला धावतो. त्याच्याकडे दंगेखोर म्हणून पाहणे अन्यायाचे होईल, परंतु कुस्तीत हरलेला मल्ल एकटा असतो आणि इथे हरलेले अकरा जण त्याच गर्दीत अडकलेले असतात. हरलेला संघ आणि पंच आधी बाहेर, मग जल्लोष, हा क्रम पाळणे येथील मंडळांना अवघड नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, इंग्लंडसारखा खास फुटबॉल मैदानप्रवेशाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेत नाही. अशा प्रसंगी सामान्यतः गुन्हेगारी अतिक्रमणाचे कलम 329 लागू होऊ शकते, आणि त्याखाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मारहाण झाल्यास अर्थात वेगळी कलमे लागतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2014 मध्ये मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे, पण ती गावच्या मंडळांपर्यंत क्वचितच पोहोचते. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 4 जून 2025 रोजी क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात 11 जण चेंगरून मेले, त्यानंतर कर्नाटक सरकारने गर्दी नियंत्रणाचे विधेयक विधानसभेत मांडले. तिथे मैदानात कोणी घुसले नव्हते. माणसे फाटकांवरच अडली होती. बेळगाव शहरात अशा स्पर्धेसाठी परवानगी मागताना आयोजकाने पोलिसांकडे द्यायच्या अर्जात संघांची आणि पाहुण्यांची नावे तपशीलवार असतात. त्याच कागदावर मैदानाला किती फाटके आहेत, ती किती रुंद आहेत, सामना संपण्याआधी ती कोण उघडणार आणि रुग्णवाहिका कोणत्या बाजूने आत येणार, या चार ओळी असणे अधिक गरजेचे आहे.